यादीत नाव नसलेला खोका

बोलतोय तो मी, टेबलाखालचा खोका. नवीन जालन्यात काकासाहेबांची बियाण्यांची कंपनी आहे, तिच्या तपासणी खोलीतला संगणक. माणसं वरच्या पडद्याकडे बघत बसतात, त्यालाच संगणक म्हणतात आणि मला पाय टेकून बसतात. पडद्याला काडीचं कळत नसतं. तोंड त्याचं, डोकं माझं. तुमच्या दुकान-पेढ्यांवरही असंच चालतं, म्हणून मी मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म २००५ सालचा. स्टेशनजवळच्या एका दुकानात माझी जोडणी झाली. पेटी एकाची, मदरबोर्डचा पाटा दुसऱ्याचा, पंखा तिसऱ्याचा. माझ्यावर कुठल्या बड्या घराण्याचा शिक्का नाही. पत्रं लिहावीत, तक्ते भरावेत, एवढ्यासाठी मी झालो आणि तेवढं मी चोख करतो. आपली कुवत ओळखणं ही धंद्यातली अर्धी अक्कल असते. उरलेली अर्धी दुसऱ्याची कुवत ओळखण्यात असते. ती अर्धी आमच्या काकासाहेबांना देवानं द्यायची राहून गेली.

मला चालवायच्या उषाबाई. हवापाण्याविषयी बोलावं तसं सहज त्या बियाण्यांविषयी बोलायच्या. कंपनीत आलेल्या प्रत्येक मालातून त्या दाणे काढत, ओल्या कागदावर शंभर-शंभर मांडत, कागदाची सुरळी करून ठेवत आणि आठव्या दिवशी उलगडून मोजत. शंभरात सत्तर उगवले तर सोयाबीनचा माल विकायला मोकळा. एकोणसत्तर उगवले तर नाही. आकडा माझ्यात लिहिला की त्या एकदा परत वाचायच्या, मगच खुर्चीतून उठायच्या. आधी हे सगळं वह्यांत होतं. पण मी आल्यावर काकासाहेबांनी वह्या बंद केल्या. बाईंनी एकदा विचारलं, "छापून ठिवू का?" तर म्हणाले, "मंग मशीन कशाला घेतली? कागद वाया नका घालू."

२००८ च्या मे महिन्यात सोयाबीनच्या एकेचाळीस नंबरच्या लॉटमध्ये शंभरात अठ्ठावन्नच दाणे उगवले. बाईंनी पुन्हा मांडले, पुन्हा अठ्ठावन्न. त्यांनी माझ्यात लिहिलं: "लॉट ४१, उगवण अठ्ठावन्न टक्के. सोडू नये. काकासाहेबांना तोंडी सांगितलं." खाली तारीख टाकली. जूनमध्ये गिऱ्हाइकाची झुंबड उडाली आणि तो लॉट गाडीत चढला. काकासाहेब म्हणाले होते, "जमीन चांगली असली तं उगवतंय." जमिनीनं त्यांचं ऐकलं नाही. मंठ्याकडच्या रखमाजींच्या चार एकरांत ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. त्यांच्यासारखे आणखी अकरा निघाले. प्रकरण ग्राहक मंचात गेलं. कंपनीच्या वकिलानं उत्तरात काय लिहिलं, तर तपासणीत कर्मचाऱ्याकडून चूक झाली असावी. तपासणीत कर्मचारी एकच होत्या. एकवीस वर्षं दाणे मोजलेल्या बाईच्या कपाळी खोट्या मोजणीचा डाग लागणार होता. तो पुसणाऱ्या चार ओळी फक्त माझ्या पोटात होत्या. मंचाची तारीख दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी होती.

आणि नेमकं तेव्हाच काकासाहेबांना आधुनिक व्हायचं सुचलं.

त्यांची ही खोड जुनी. एकदा गुऱ्हाळ बंद पडलेल्या पाहुण्याकडून त्यांनी चरकाचं इंजिन आणलं आणि बी साफ करायच्या चाळणीला जोडलं. मिस्त्री नको म्हणत होता. इंजिन सुरू झालं तसा हरभरा गोळ्यांसारखा सुटला. दोन हमाल पोत्यांमागं लपले, एक दाणा काकासाहेबांच्या चष्म्यावर बसला. तरी म्हणाले, "ताकद बघा गड्याची!" नवी चाळणी शेवटी घ्यावीच लागली.

सप्टेंबरात ते हैदराबादला एका मोठ्या बियाणे कंपनीत जाऊन आले. तिथं म्हणे एकच यंत्र चार यंत्रांचं काम करत होतं. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आलेला त्यांचा पुतण्या धर्मराज हसला. "काका, त्याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एका मशीनच्या पोटात चार मशीन हायेत असा देखावा करायचा. सॉफ्टवेअर फुकट भेटतंय."

फुकट हा शब्द काकासाहेबांच्या कानात गेला की बाहेर येत नाही. "मंग सर्वर घ्यायची गरज न्हाई?"

"बिलकुल न्हाई. तपासणी खोलीतलं हे हाय ना, ह्याच्यावरच टाकू."

आता ऐका. ते सॉफ्टवेअर बनवणारे मूर्ख नव्हते. कुठल्या यंत्रावर ते चालेल याची त्यांनी यादीच छापली होती. त्या यादीत माझं नाव नव्हतं. माझ्या भावकीतल्या कुणाचंच नव्हतं. सोयरीक जमवताना माणसं सात पिढ्या बघतात, आणि इथं छापील यादी समोर असून धर्मराजनं ती उघडली नाही. म्हणाला, "यादी घाबरटांसाठी असती."

आठवडाभर त्यानं मला छळलं. चकती घातली, पिवळा-करडा पडदा आला आणि अडला, की नेटवर्कच्या जाळ्याला जोडणारं कार्ड ओळखीचं नाही. औरंगाबादहून ओळखीचं कार्ड आलं. मग स्मरण, म्हणजे रॅम, कमी पडलं, तर बिलाच्या संगणकाची पट्टी काढून मला लावली. त्या दिवसापासून तो बिलाचा बिचारा पाच मिनिटं विचार करून नमस्कार करायला लागला. मग माझी डिस्कच त्याला दिसेना. धर्मराज माझ्या पेटीवर चापट्या मारून म्हणायचा, "काका, हार्डवेअर भिकार हाय." नाचता येईना, अंगण वाकडं! मला कुणी सर्वर व्हायला बोलावलं नव्हतं आणि मी अर्जही केला नव्हता.

बाईंना तो मानानं काकू म्हणायचा. या आठवड्यात त्यांनी त्याला दोनदा विचारलं, "धर्मराज, माझ्या नोंदी बराबर राहतील ना?"

"काकू, काहीच जाणार न्हाई. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

आत्तापर्यंत खरंच काही गेलं नव्हतं, कारण त्याला जमतच नव्हतं. माझा नालायकपणा हीच बाईंची राखण होती. पण खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी त्याला इंटरनेटवर कुणीतरी फाइल दुरुस्त करायची युक्ती दिली, डिस्क दिसू लागली, आणि त्याला पेढा खात फोनवर मित्राला सांगताना बाईंनी ऐकलं, "आता एकदा सगळं पुसायचं, की झालं."

बाई खंडेनवमीला सकाळी आठ वाजता तीन कोऱ्या सीडी घेऊन हजर झाल्या. तोवर माझी पूजा होऊन गेली होती. कपाळी हळदकुंकू, अंगावर झेंडू, पुढ्यात नारळ. शेजारी पोती शिवायचं यंत्र, वजनकाटा, पाने, हातोडे. खंडेनवमीला हत्यार पुजतात, त्या दिवशी त्याला हात लावत नाहीत. तुम्हाला हे सांगायला नको.

"काकासाहेब, दोन घंटे चालू करू द्या. नोंदी काढून घेते."

"उषाबाई, आज? हत्यार बसलेलं हाय. काही इपरीत झालं तं?"

"मंग उद्या सकाळी?"

"उद्या विजय मुहूर्ताला दोन दहाला उठवायचं. अन् उठल्या-उठल्या पहिलं काम नव्या सर्वरचं. धर्मराज, बराबर ना?"

धर्मराजनं मान हलवली. वर्षभर माझ्यावर चहा सांडणारी, पाय देणारी माणसं. एका दिवसासाठी मी देव झालो, आणि देव झाल्यामुळं कामाला येईनासा झालो. बाई सीडी पदराआड धरून माझ्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. नमस्कार मात्र त्यांनी केला नाही. मला ते बरं वाटलं.

दसऱ्याला दोन वाजताच खोली भरली. हमाल, चालक, बिलवाला, सगळे प्रसादाला. दोन दहाला काकासाहेबांनी नारळ फोडला, धर्मराजनं मला चालू केलं. पडद्यावर स्पष्ट लिहून आलं की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का?

बाई पुढं आल्या. "धर्मराज, अर्धा घंटा दे मला."

"काकू, मुहूर्त..."

"दाब रे," काकासाहेब म्हणाले.

त्यानं दाबलं.

माणसाला हे कसं सांगावं? माझ्या सगळ्या खोल्यांवरच्या पाट्या एका दमात उतरवल्या गेल्या. नव्या पाट्या चढल्या. टाळ्या वाजल्या. काकासाहेब म्हणाले, "झाला सर्वर! हैदराबादवाल्यांनी बघावं." मग धर्मराज माझ्या पोटात पहिलं खोटं यंत्र बसवायला लागला आणि मी अशा घरघराटानं फिरू लागलो की बिलवाल्यानं विचारलं, "पीठ पडंल का यातून?"

बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. एवढ्यात दारात रखमाजी आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आता मंचात विरोधात उभं. तरी दसऱ्याचं सोनं द्यायला मंठ्याहून एसटीनं आलेले. काकासाहेबांना पान दिलं, धर्मराजला दिलं, मग बाईंसमोर थांबले.

"घ्या बाई. भांडण मंचात, सोनं इथं. पण एक इचारतो, राग नका मानू. तुम्ही मोजलंच नव्हतं का हो?"

काकासाहेब नारळाचे तुकडे करण्यात फार गुंतले.

बाईंनी आपट्याचं पान हातात घेतलं आणि धर्मराजला विचारलं, "मला सांग. रानात नांगर फिरवला तं वरचं सगळं उलटं होतं. पण खालचं बी लगेच मरत न्हाई. ह्याच्यात तसंच असतं का?"

"काकू, तसं नसतं. पुसलं म्हंजे पुसलं."

"तुला पक्कं ठाऊक हाय?"

धर्मराजनं पडद्याकडं बघितलं. पुण्याला जाऊन आलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हळूच म्हणाला, "...वरून दुसरं लिहिलं जास्तोर काही निघूही शकतं."

"अन् आत्ता तू काय करून राह्यला?"

"वरून दुसरं लिहून राह्यलो."

बाई खाली वाकल्या, झेंडूची माळ बाजूला सारली आणि भिंतीतली माझी वायर उपटली.

"उषाबाई!" काकासाहेब ओरडले. "मुहूर्ताचं काम मोडलं!"

"मोडू द्या. सोमवारी मंचात माझं नाव घेणारेत, मुहूर्ताचं न्हाई." मग रखमाजींकडं वळून म्हणाल्या, "मोजलं होतं. दोनदा. अठ्ठावन्न. लिहून ठिवलं होतं अन् सांगितलंही होतं. कोणाला, ते यांना इचारा."

रखमाजी काकासाहेबांकडं वळले. काकासाहेबांना खोलीत तेव्हा दोनच गोष्टी करता आल्या असत्या: वायर परत लावायला सांगणं, किंवा गप्प बसणं. रखमाजींसमोर पहिली करायची हिंमत झाली नाही. यालाच लोक पुढं त्यांचा मोठेपणा म्हणाले. मला हसायला तोंड नाही, नाहीतर हसलो असतो.

धर्मराजनं माझी डिस्क काढली आणि दुसऱ्या यंत्राला जोडून शुक्रवार-शनिवार खोलीतून हलला नाही. या वेळी मात्र त्यानं आधी माहिती वाचली, सगळी वाचली, मगच हात लावला. जानेवारी ते एप्रिलच्या नोंदींवर त्याचं खोटं यंत्र बसलं होतं, त्या गेल्या. मे महिना अर्धामुर्धा निघाला. त्यात एकेचाळीस नंबर होता, तारखेसकट.

त्यानं कागद छापून बाईंच्या हातात दिला. "काकू, तुम्हाला कसं कळलं, आत शिल्लक असंल म्हणून?"

"मला न्हाई कळलं. मी इचारलं."

मंचात बाईंनी तो कागद ठेवला. काकासाहेबांच्या वकिलानं म्हटलं, संगणकातलं काय, कालही लिहिता येतं. तेव्हा काकासाहेब उठले आणि म्हणाले, "लिहिलं होतं. सांगितलंही होतं. मीच सोडला माल." रखमाजी आणि इतर अकरा जणांना भरपाई मिळाली. गावात अजून कुणी म्हणतं, काकासाहेब दिलदार. मी म्हणतो, पुरावा टेबलावर आल्यावरचा दिलदारपणा आणि पाऊस उघडल्यावरची छत्री, दोन्ही सारखी. तरी एवढं कबूल करतो की ते बसून राहू शकले असते, आणि बसले नाहीत.

सर्वर पुढं विकत घेतला, यादीत नाव असलेला. तो थंड खोलीत राहतो, माझ्याशी बोलत नाही. धर्मराज आता काहीही बसवायच्या आधी यादी उघडतो आणि वर बाईंना विचारून जातो. मला डिस्क परत मिळाली, बिलवाल्याला त्याची पट्टी. बाईंनी वह्याही पुन्हा सुरू केल्या. आकडा आधी वहीत, मग माझ्यात. मला त्याचा राग नाही. माझ्यावर एकट्यावर भरवसा ठेवा असं मी कधी म्हटलं नव्हतं.

माझं वय झालंय. पंखा कुरकुरतो, सुरू व्हायला वेळ घेतो. तुमच्याही टेबलाखाली माझ्यासारखा एखादा असेल. त्याला चौघांचं काम सांगायच्या आधी त्याला काय जमतं हे बघा, त्याच्या पोटात कुणाचं काय आहे हे विचारा. पूजा नाही केली तरी चालेल.

आता थांबतो. जून तोंडावर आलाय, बाहेर गाड्या लागल्यात. काकासाहेब मघापासून तपासणी खोलीच्या दारात उभे आहेत. उंबऱ्याच्या आत यायचं टाळतात.

"उषाबाई, सतरा नंबर सोडू का?"

बाईंनी मान वर केली नाही. "आज सहावा दिवस हाय. अजून दोन दिवस."

"गाडी उभी हाय हो."

"उभी राहू द्या."

काकासाहेब गाडीवाल्याला परत पाठवायला बाहेर गेले.