तोरणाखालची झडती

वर्गात विदूषक शिकवताना वैभवचा आवाज नेहमी चढे. ‘वि’ हा उपसर्ग, ‘दूष्’ हा धातू. जो दूषण देतो, मांडलेला डाव नासवतो, तो विदूषक. दरबाराने त्याला टक्कल दिले, कुबड दिले, आणि त्या विद्रूपतेच्या मोबदल्यात राजाला टोचण्याची मुभा. पांढुर्ण्याच्या पोळ्यात हीच मुभा झडतीला होती. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडती म्हणणारा गावातल्या एखाद्या बड्याला यमकांत सोलून काढी. त्या दिवशी त्याला कोणी हात लावत नसे.

यंदा झडती वैभवकडे होती. सकाळीच केशवरावांनी त्याला बोलावून घेतले. महाविद्यालय त्यांचे, संत्र्याच्या रसाचा कारखानाही त्यांचा.

“सर, तो सुखदेव कारखान्याच्या पाण्यावरून लय तक्रारी करून राहिला. त्याच्यावर हासवा लोकायले. तुमच्या कायम नेमणुकीचं पाहूनच राहिलो मी.”

सुखदेवची विहीर वैभवने पाहिली होती. कुजक्या सालींचा तो आंबूस दर्प दोन दिवस त्याच्या सदऱ्यातून गेला नव्हता.

तोरणाखाली तो उभा राहिला. समोर खुर्चीत केशवराव, रांगेत बैल धरून सुखदेव. कोणाकडे पाहायचे, हे अजून त्याच्या हातात होते. त्याने सुखदेवकडे पाहिले.

“विहीर म्हणे काळी, पाणी म्हणे घाण,
सुखदेवच्या घागरीत अक्कल गहाण!
हर बोला, हर हर महादेव!”

हशा पिकला. गुटख्याने रंगलेली तोंडे उघडली, पिचकाऱ्या उडाल्या. सुखदेवने जोडी वळवली.

“अबे, तोरण तुटाच्या पयले कोठी चालला?” केशवराव खुर्चीतून ओरडले.

“बैलायले पाणी पाजाले. तुमच्या सरायच्या घरी. तेथलं गोड असन.”

या वेळी कोणी हसले नाही. तोरण तुटले की पोळा फुटे; त्याआधी रांगेतून जोडी निघाल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते.

केशवरावांनी मात्र ताटातला पुरणपोळीचा तुकडा उचलला. अंगठ्यावरून तूप ओघळत होते.

“झकास, सर! उद्या गोटमारीच्या दगडफेकीची सुट्टी. परवा या कालेजात. आ करा.”

वैभव पुढे वाकला. त्याने तोंड उघडले. ते जाड, तुपकट बोट त्याच्या दातांना लागले, जिभेवर क्षणभर रेंगाळले.

“आभारी आहे, साहेब,” तो म्हणाला, आणि घास गिळला.