पिनेला एक वेढा

मी अर्ध्या रस्त्यातून मागे फिरले होते की नव्हते, एवढाच प्रश्न होता. आठ महिने उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. गाडी माझ्याच अंगावर आली, डावा खुबा माझाच मोडला, डावं मनगट माझंच वाकडं जुळलं, आणि विचारलं असतंत तर मी तुमच्याइतकीच अडाणी. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

मी शिंपीण. माझं दुकान रस्त्याच्या अलीकडे, दोरा-बटणांचं दुकान पलीकडे, मध्ये पांढरे पट्टे. रस्ता एकेरी. दोरा आणायला जाताना गाड्या उजवीकडून येतात, परत येताना डावीकडून. वीस वर्षं ते पट्टे तुडवलेत मी.

इस्पितळात शुद्ध आली तेव्हा उशाशी पोलीस. "बाई, कुठे निघाला होतात?" त्या सकाळचं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पण 'आठवत नाही' म्हणायला माझी जीभ कधी वळलेली नाही. कोट कधी देता, असं गिऱ्हाइकाने विचारलं तर मी 'बघते' म्हणत नाही, 'गुरुवारी' म्हणून मोकळी होते. तसंच ठोकून दिलं, "दोरा आणायला निघाले होते." लिहून घेतलं त्याने, मी सहीसुद्धा केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण गाडीवाल्याचा वकील बेरकी. तो म्हणतो, बाई दोरा आणायला निघाली होती, म्हणजे गाडी तिच्या उजवीकडून येणार. मग मार डावीकडे कसा? अर्थात बाई अर्ध्यातून उलटी फिरली. माझा अशील तिला पुढे जाऊ देऊन मागून गाडी काढत होता, तर हीच गर्रकन वळून पुढ्यात आली. ऐका! पट्ट्यांवर माणूस दिसलं की थांबायचं असतं, हे त्या अशिलाच्या गावीही नाही. चोर तो चोर, वर शिरजोर.

संताप संताप झाला. पण त्याहून वाईट म्हणजे, ते ऐकल्यापासून मला आठवायला लागलं. डोळे मिटले की मी पट्ट्यांच्या मधोमध, आणि मनात एकच, 'अगं बाई, मागे फिर.' अगदी स्वच्छ. का फिरायचं, ते मात्र नाही. आता हे माझं आठवणं, की त्या वकिलाने माझ्या डोक्यात घातलेलं, हे कुणाला विचारू?

घरात मी आणि नणंद, दोघीच. तिच्या जिभेला हाड नाही. "वहिनी, तू कोपऱ्यावरून परत आली नाहीस असा एक दिवस दाखव. कधी इस्त्री बंद केली का बघायला, कधी चष्म्यासाठी. त्या दिवशीही फिरली असशील. फक्त आपल्या वकीलबाईंसमोर बोलू नकोस म्हणजे झालं." मायेनेच म्हणते, पण लागतं. भरपाईच्या दाव्याचं काय व्हायचं ते होवो. मला एवढंच हवं होतं, की बाई, हे तू स्वतः ओढवून घेतलं नाहीस, असं कुणीतरी खात्रीने सांगावं. मशीनवर बसलं आणि डाव्या हातातून कापड निसटलं, की रडू यायचं.

वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. गाड्यांनी उडवलेल्या पायी चालणाऱ्या माणसांची भांडणं फुकट लढणारं त्यांचं कार्यालय, म्हणजे दोन टेबलं, चार खुर्च्या आणि फायलींची चळत. परवा त्यांनी त्या दिवशीचे कपडे फोटोसाठी मागवले होते. इस्पितळाने दिलेली पिशवी आठ महिने कपाटावर तशीच पडून होती. रक्त बघायचा धीर नव्हता. ती न उघडताच घेऊन आम्ही दोघी कार्यालयात गेलो.

"काकू, आठवत नसेल तर सरळ 'आठवत नाही' म्हणा," वकीलबाई म्हणाल्या. "कोर्टात तेही उत्तर असतं."

"आणि जे आठवतंय, पण खरं आहे की नाही कळत नाही, त्याला काय म्हणायचं?"

त्या पेनाचं टोपण चावत बसल्या.

नणंदेने पिशवीची गाठ सोडली. माझा कामाचा एप्रन निघाला, इस्पितळात कात्रीने पार उभा चिरलेला. "शिलाईवरून उसवता आलं नसतं का मेल्यांना? कापड फुकट घालवलं!"

"वहिनी, तू मरत होतीस."

"म्हणून काय झालं?"

आणि मग मला खांद्यावरचा तुकडा दिसला. राखाडी कोटाच्या कापडाचा, दोन बोटं रुंद, पिनेने टाचलेला. रंग जुळवायला मी नेते तो. आणि पिनेला राखाडी दोऱ्याचा एक वेढा.

"वकीलबाई, मी दोरा आणायला निघाले नव्हते हो," मी म्हटलं. "आणून परत येत होते."

"कशावरून?"

"जाताना पिन मोकळी असते. दोरा घेतला की त्याचा एक वेढा पिनेला देते, आणि बाहेर उन्हात येऊन कापडाशी ताडून बघते. दुकानातल्या दिव्यात सगळेच राखाडी सारखे दिसतात. रीळ रस्त्यावर कुठे गडगडलं असेल देव जाणे, पण वेढा दुकानात गेल्याशिवाय येत नाही. आणि हा कोट मी आदल्या दिवशीच हातात घेतलेला, म्हणजे वेढा जुना नव्हे."

वकीलबाई ताडकन उठल्या. "परत येत होतात, म्हणजे गाडी डावीकडून! मार डावीकडे! काकू, फिरायची गरजच नाही कुठे!" नणंदेने तर मला मिठीच मारली.

मी तुकडा घेऊन खिडकीशी गेले. सवय.

"रंग चुकलाय," मी म्हटलं.

दोघींनी बघितलं. "कुठे? एकच तर आहे," वकीलबाई म्हणाल्या. नणंदेने मला चिमटा काढला, चांगला जोरात.

"कापडात निळी झाक आहे, दोरा पिवळटाकडे झुकलाय. हा मी कोटाला लावलाच नसता. बदलायला मागे फिरले असणार. मला आठवतंय ना ते, मागे फिर, मागे फिर! म्हणजे तो गाडीवाला खरंच बोलतोय. मीच..."

"गप्प बस गं!" नणंद ओरडली. "कुणाला दिसणार आहे ती झाक?"

"मला दिसते."

वकीलबाईंनी खुर्च्या सरकवून रस्ता केला. नणंदेला म्हणाल्या, "तुम्ही गाडी." मला म्हणाल्या, "ही भिंत दोऱ्याचं दुकान. तिथून घराकडे चाला, काकू." मी काठी टेकत निघाले. नणंद गाडी होऊन डावीकडून आली, तोंडाने भुर्रर्र करत. मधोमध वकीलबाईंनी मला थांबवलं.

"इथे दोरा बघितलात. रंग चुकला. आता फिरा मागे."

मी फिरले. तोंड दुकानाकडे झालं. आणि गाडी, म्हणजे नणंद, माझ्या उजव्या खांद्याला येऊन टेकली.

उजव्या.

"मार कुठे आहे तुम्हाला?" वकीलबाईंनी विचारलं.

मला क्षणभर उजवं-डावंच कळेना. मी काठी तशीच सोडली, आणि उजव्या हाताने डावं मनगट धरून बघितलं.

"म्हणजे फिरले नाही मी?"

"फिरला नाहीत. फिरायचं मनात आलं, आणि तेवढ्यात त्याने उडवलं."

नणंद अजून गाडीच्या जागीच उभी, डोळ्यांना धारा. मी मटकन खुर्चीत बसले. ती खुर्ची म्हणजे फुटपाथ होता.

"पण मला तर आठवतंय हो," मी म्हटलं. "अजूनही आठवतंय."

"तेच सांगा कोर्टात. फिरावंसं वाटलं, एवढंच."

वाटलं होतं. त्या सकाळी माझ्या हातून चूक झाली ती फक्त दोऱ्याच्या रंगाची, आणि तीही मी ओळखली होती. सुधारायला जाणारच होते. तेवढा वेळ दिला नाही हो मेल्याने.