ताई, मी धाकटी

गेल्या वर्षी टेलरबाईंना चक्क कुणीतरी चोरून नेलं. म्हणजे बाई होत्या तिथेच, दुकानात कुणाच्या तरी पॅन्टची लांबी कमी करत होत्या. चोरी नावाची झाली. पार्सल अडकलंय म्हणून एका गोड आवाजाच्या माणसाने ओळखपत्राचा फोटो मागितला, बाईंनी हातातली कात्रीसुद्धा खाली न ठेवता पाठवून दिला, आणि त्या फोटोच्या जोरावर भलतीच कुणीतरी टेलरबाई होऊन बसली. तिने बाईंच्या नावाने सिम घेतलं, त्यांचा फोटो लावून गिऱ्हाइकांकडे काय वाट्टेल ते मागितलं. आपण आपणच आहोत हे पटवायला बाईंनी दोन महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. एक कारकून तर म्हणाला, "तुम्ही परवाच सही करून गेलात की!"

तेव्हापासून बाई अशा सावध झाल्या की विचारू नका. घाई करणारा माणूस चोर, कागद मागणारा तर दुप्पट चोर, असा त्यांचा सरळ हिशोब होता. सांगायला कुणी भेटलं की त्या ऐकवत. माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक तर पळूनही जाऊ शकत नसे.

अशात एका सकाळी अकराच्या सुमाराला अनोळखी नंबरावरून मेसेज आला. "ताई, मी धाकटी. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात घशाचं ऑपरेशन आहे, संध्याकाळी पाच वाजता. जवळच्या नातेवाइकाचं ओळखपत्र आणि सही लागते. कार्डाचा फोटो पाठव. माझं दुसरं कोणी नाही."

बाईंनी मशीनवरचा पाय काढला. धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण, तीन तासांवरच्या शहरात राहणारी. अकरा वर्षं दोघींमध्ये अवाक्षर नव्हतं. आई गेल्यावर तिच्या शिलाई मशीनवरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते सगळ्या नात्यागोत्याला तोंडपाठ होतं.

बाईंनी फोन लावला. कट झाला. लगेच मेसेज आला, "बोलता येत नाही." चोराला याहून सोयीचा आजार सापडला नसता. व्हिडिओ लावला तर नुसते चौकोन हलत होते, त्यात बहीण आहे की भिंत, ते कळेना. बाईंनी हॉस्पिटलचा नंबर शोधून विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, "पेशंटची माहिती आम्ही फोनवर देत नाही, मॅडम." एरवी बाईंनी तिची पाठ थोपटली असती.

नंबर ब्लॉक करायला बोट पुढे झालं होतं. पण खरंच धाकटी असली तर? पाच वाजता ती एकटी ऑपरेशनच्या खोलीत जाणार, किंवा सहीवाचून जाणारच नाही. आणि नसली तर पुन्हा दोन महिने कचेऱ्यांच्या खिडक्यांसमोर उभं राहायचं. बाईंना सरळ भीती वाटली, दोन्हीकडून.

मग त्यांनी प्रश्न टाकला, "आपलं बोलणं कशावरून बंद झालं?" अपेक्षित उत्तर एका शब्दाचं होतं, मशीन.

उत्तर यायला बराच वेळ लागला.

"मशीनवरून नाही. आई सोमवारी पडली आणि तू मला बुधवारी कळवलंस. ती गेल्यावर. हॉस्पिटलच्या कागदावर भरती केल्याची तारीख होती. मी वाचली, पण तुला बोलले नाही. मशीनवरून भांडले."

टेलरबाईंनी ते दोनदा वाचलं. आई बुधवारी सकाळी पडली आणि दुपारी गेली, असं त्यांनी झाडून सगळ्यांना सांगितलं होतं. मधल्या दोन दिवसांचा विषय त्यांनी कुणाजवळ काढला नव्हता. मशीनचं उत्तर कुठल्याही चुलतभावाकडून चोराला मिळालं असतं. हे उत्तर देणारं माणूस जगात एकच होतं.

तरी कार्डाचा फोटो त्यांनी पाठवलाच नाही. "कार्ड घेऊन मीच येते," एवढं लिहिलं, कुणाचा तरी अर्धा उसवलेला कोट तसाच ठेवला आणि दुकानाला कुलूप लावून बस धरली.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसाने कार्ड पाहिलं, बाईंना पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "यात केस काळे आहेत," तो म्हणाला. "तेव्हा होते," बाई म्हणाल्या आणि दाखवेल तिथे सह्या केल्या.

धाकटी खिडकीजवळच्या खाटेवर होती. गळ्याला मफलर, तोंड आईसारखं झालेलं. ती हसली नाही. उशाजवळचा फोन उचलून तिने काहीतरी लिहिलं, आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बाईंच्या पर्समध्ये टिंग वाजलं.

"दोन दिवस का?"

बसमध्ये बाईंनी तीन उत्तरं तयार केली होती. फोन लागत नव्हता, डॉक्टर म्हणाले काळजी नको, तुझी धावपळ नको वाटली. तिन्ही बरी होती. त्यांनी स्टूल ओढलं.

"आईला नीट दिसत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "सोमवारी रात्री तिने मला हात लावला आणि तुझ्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. मग दोन दिवस मी तूच होते. तिने मला इतकं कधी जवळ घेतलं नव्हतं. तुला बोलावलं असतं तर तू आली असतीस, आणि मी परत मीच झाले असते."

नर्स आली, मनगटावरच्या पट्टीवरचं नाव तपासून गेली. चारला दहा कमी होते. धाकटीने फोन उशाशी पालथा ठेवला. बाईंना वाटलं, आता ही जा म्हणणार, आणि म्हणाली तर ते बरोबरच आहे.

पुन्हा टिंग वाजलं.

"काय म्हणाली ती मला?"

टेलरबाईंनी स्टूल आणखी पुढे घेतलं. आईचं एकेक वाक्य आठवून, जे आपल्याला आवडलं नव्हतं तेही न गाळता, त्या सांगू लागल्या.