मोघेसाहेबांची भलीचंगी घरवाली

नलिनीबाई मोघ्यांचा डोळा लागला तेव्हा कढईत चकल्यांचा सातवा घाणा होता. रात्रीची गोष्ट नाही हो. सकाळचे साडेदहा वाजले होते, गॅलरीत स्वच्छ ऊन आलं होतं आणि बाई स्टुलावर बसून, हातात झारा धरून, चक्क घोरत होत्या. स्वयंपाकघरात धूर कोंडला. शनिवार म्हणून घरी असलेले गजाननराव पेपर टाकून धावत आले, गॅस बंद केला आणि ओरडले, "अगं, घर जाळतेस की काय!"

बाई दचकून जाग्या झाल्या. चकल्यांचा कोळसा झाला होता.

मोहालीतल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या ज्या मराठी मुलामुलींना दिवाळीला घरी जायला सुट्टी मिळत नाही, त्यांना नलिनीबाई फराळ करून देत. यंदा चाळीस डब्यांची मागणी होती. तीन वर्षांत एक घाणा जळला नव्हता. संध्याकाळी त्या मुलींपैकीच डबे न्यायला आलेल्या निशिगंधाला त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

"काकू, सकाळी डोकं दुखतं का तुमचं? आणि रात्रभर झोपूनसुद्धा अंग मोडून येतं?" पोरीने विचारलं. "माझ्या बाबांचं अगदी हेच होतं. झोपेत श्वास अडकायचा त्यांचा. आता रात्री नाकाला मशीन लावतात, तेव्हापासून माणसात आलेत. तुम्ही दाखवून घ्या. हे साधं नाही."

निशिगंधा गेल्यावर बाईंनी विषय काढला. गजाननरावांचं उत्तर तयार होतं. "बदली झाली की सांगलीला दाखवू आपल्या डॉक्टरांना."

आता या घरातल्या बदलीविषयी थोडं सांगायलाच हवं. केंद्र सरकारची नोकरी, एकतीस वर्षं, सहा गावं. प्रत्येक गावात सगळं बदलीपर्यंत थांबायचं. पडदे बदलीनंतर, गुडघा बदलीनंतर. बाईंची एक दाढ भोपाळपासून थांबली होती, ती चंदीगडला येऊन शेवटी उपटावी लागली. माळ्यावर फ्रिजचं खोकं, मिक्सरचं खोकं, टीव्हीचं खोकं, सगळी जपून ठेवलेली. बदलीच्या वेळी सामान भरायला लागतात म्हणून. मेलं, राहत होती माणसं इथं, पण संसार मात्र कायम खोक्यात जायच्या तयारीत.

आणि चार वर्षं नलिनीबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपत होत्या. साहेबांची झोपमोड होते म्हणून. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला गेल्या तर सकाळी बायका म्हणाल्या, "काय हो मोघेवहिनी, रात्रभर ट्रॅक्टर चालवलात!" बाई सगळ्यांबरोबर हसल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडल्या. बाईमाणसानं घोरणं म्हणजे जणू चारचौघांत पदर पडणं. दुपारी डुलकी लागली की नवरा म्हणायचा, "आळस भरलाय अंगात, फिरायला जात जा." त्या फिरायलाही गेल्या. बागेतल्या बाकावर झोपल्या.

पण जळक्या चकल्यांचा वास दोन दिवस घरातून जाईना, आणि त्या वासानं बाईंचं पित्त खवळलं. आज चकल्या जळल्या, उद्या काय जळेल? बास झालं! सोमवारी नवरा ऑफिसला गेल्यावर त्यांनी पर्स उचलली. स्कूटर घेतली नाही, चौकातल्या गोलचक्करात डोळा लागला तर काय घ्या. रिक्षा केली आणि थेट छातीच्या डॉक्टर ऋचांकडे गेल्या.

डॉक्टरांनी एक छोटं यंत्र रात्रभर छातीला आणि बोटाला बांधून झोपायला दिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट समोर ठेवून त्या म्हणाल्या, "आंटीजी, एक घंटे में इकतालीस बार आपकी साँस अटकती है।" मग त्यांनी सावकाश समजावलं. श्वास अडला की मेंदू धक्का देऊन जागं करतो. माणसाला कळतही नाही. रात्रभर हेच चालतं, म्हणजे झोप अशी लागतच नाही. असंच चालू राहिलं तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो.

बाईंनी एकच विचारलं. "मतलब, मैं आलसी नहीं हूँ?"

"आलसी?" डॉक्टर म्हणाल्या. "आप चार साल से सोई नहीं हैं।"

नलिनीबाईंना तिथंच रडू फुटलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. चार वर्षं सगळ्यांनी आळशी म्हटलं आणि आपण मान खाली घालून ऐकून घेतलं, याचा संताप.

घरी येऊन त्यांनी रिपोर्ट नवऱ्यापुढे ठेवला. मशीन पन्नास-साठ हजारांच्या घरात जात होतं, पण ऑफिसकडून खर्च मिळण्यासारखा होता. अट एकच, आधी परवानगी घ्यायची, मग विकत घ्यायचं. आणि त्या अर्जावर गजाननरावांची सही लागणार होती, कारण नोकरी त्यांची.

गजाननरावांनी रिपोर्ट न उघडता घडीवर घडी घातली. "नलू, मी मेडिकलची बिलं तपासणारा माणूस. एकतीस वर्षांत माझ्या स्वतःच्या नावावर एक क्लेम नाही. आता नोकरीच्या शेवटी शेवटी नाक वाजतं म्हणून मशीन मागू? लोक हसतील. ती सोयीची वस्तू आहे गं, उपचार नव्हे. अशा फायली मीच परत पाठवल्यात."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, अहो."

"डॉक्टर काय, काहीही लिहितात. दोन वर्षं काढ. बदली झाली की बघू."

तीच ती बदली! बाई पुढे काही बोलल्या नाहीत. गप्प बसल्या म्हणजे मान्य केलं, असं गजाननरावांना वाटलं. बायको एकतीस वर्षं ओळखीची असूनही माणूस फसतो तो असा.

दुसऱ्या दिवशी फराळाचे पैसे पर्समध्ये घालून बाई मशीनच्या दुकानात गेल्या. सही नाही तर नाही, महिनाभर भाड्यानं घेऊन बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. दुकानात त्यांच्या आधी एक सरदारजी उभे होते. साठीचे, पांढरी दाढी, खांद्याला काळी पिशवी. ते मशीन परत करायला आले होते.

"ठीक नहीं चला क्या, सरदारजी?" दुकानदारानं विचारलं.

"चला, बहुत बढ़िया चला। तीन महीने राजा की तरह सोया।" ते पिशवीचा पट्टा काढायला लागले. "पर किराया कब तक भरूँ? दफ़्तर ने फ़ाइल तीसरी बार लौटा दी।"

दुकानदार बाईंकडे वळला. "मॅडम, आपको यही दे देता हूँ। साफ़ करके, नया मास्क लगाके।"

बाईंना कसंसंच झालं. एका माणसाच्या खांद्यावरून उतरलेली झोप आपल्या खांद्यावर घ्यायची? त्यांनी सरदारजींना विचारलं, "आप क्या काम करते हैं, भाईसाहब?"

"दफ़्तर की गाड़ी चलाता था जी, गुरमेल सिंग नाम है। रिटायर होके स्कूल की वैन चलाता हूँ। बच्चे होते हैं गाड़ी में, इसी लिए मशीन ली थी।" ते ओशाळून हसले. "साहब से मिलने भी गया। साहब बोले, खर्राटे कोई बीमारी नहीं, गुरमेल। मेरी घरवाली भी मारती है, भली चंगी है।"

विचारायची गरज नव्हती, तरी नलिनीबाईंनी विचारलं. "कौन साहब?"

"मोघे साहब। मराठी हैं। आदमी ईमानदार हैं बीबीजी, किसी की चाय तक नहीं पीते।"

अहाहा, काय पण इमानदारी! म्हणजे हॉलमधल्या दिवाणावर चार वर्षं घोरत गुदमरणारी बायको या माणसानं पुरावा म्हणून वापरली होती. तिला काही झालं नाही, म्हणून याला काही झालं नाही. आणि उद्या सकाळी हा म्हातारा पोरांनी भरलेली गाडी घेऊन त्याच गोलचक्करांतून जाणार, जिथं स्कूटर न्यायला आपण घाबरलो. बाईंचे कान तापले. इतका राग त्यांना उभ्या आयुष्यात आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या रागानं चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना टक्क जाग आली होती.

त्यांनी पिशवीचा पट्टा सरदारजींच्या खांद्यावर परत अडकवला. पर्समधून फराळाचे पैसे काढून दुकानदारापुढे ठेवले. "इनका इस महीने का किराया. मशीन इनके पास रहेगी."

"पर बीबीजी, आप..."

"मैं वही भली चंगी घरवाली हूँ," नलिनीबाई म्हणाल्या. "चलो. सेक्टर सत्रह, साहब के दफ़्तर."

गुरमेल सिंगांचा चेहरा पडला. रस्ताभर ते रिक्षात हात जोडून म्हणत होते, रहने दो जी, साहब नाराज़ हो जाएँगे. बाईंनी एकच उत्तर दिलं. "होने दो."

ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर गजाननरावांचं टेबल खिडकीपाशी होतं. सेक्शनमध्ये आठ-दहा माणसं. बायको दारात दिसली तशी साहेबांना वाटलं, घरी काहीतरी झालं. ते उठून उभे राहिले. "काय गं, काय झालं? इथं कशी?"

घरी बाई मराठीतच बोलत. पण आज त्या हिंदीत बोलल्या, आणि मुद्दाम बोलल्या. चार वर्षं मराठीत सांगून बघितलं होतं, आता सगळ्या सेक्शनला कळू दे.

"मोघे साहब, आपने इनको बोला, मेरी घरवाली भली चंगी है। तो घरवाली आई है। देख लो।" त्यांनी पर्समधून रिपोर्ट काढला, त्याच्या घड्या उलगडल्या आणि टेबलावर हातानं सपाट केला. "यह मेरा रिपोर्ट। एक घंटे में इकतालीस बार। मेरा नाम लेके इनकी फ़ाइल लौटाई है ना? तो मेरा रिपोर्ट भी उसी फ़ाइल में लगाओ।"

टायपिंग थांबलं. शेजारच्या टेबलावरचा देवेंद्र नावाचा तरुण कारकून उगाच ड्रॉवर उघडून आत बघायला लागला.

गजाननराव लालबुंद झाले. "नलू, घरी बोलू," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"घरी नाही. घरी तुम्ही बदलीनंतर बोलता," बाई मराठीत म्हणाल्या. आवाज मात्र खाली आला नाही. "लोक हसतील म्हणालात ना? हसू दे. हो, मी घोरते! मोघेसाहेबांची बायको घोरते, आणि घोरता घोरता तिचा श्वास थांबतो. तुम्ही भिंतीपलीकडे झोपलेले असता. एक दिवस तो परत सुरू झाला नाही, तर कुठला शेरा माराल? सोयीची वस्तू?"

त्यांनी रिपोर्ट नवऱ्याच्या आणखी पुढ्यात सरकवला.

गजाननराव खाली बसले. मग त्यांनी चष्मा लावला. "देवेंद्र, गुरमेल की फ़ाइल लाना."

फाईल आली. त्यांनी सरदारजींचा रिपोर्ट काढून बायकोच्या रिपोर्टशेजारी ठेवला आणि दोन्ही पहिल्यापासून वाचले. एखादं बिल तपासावं तसे, ओळीवर बोट ठेवून. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"यांचा आकडा चौतीस आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझा जास्त आहे गं."

"वाचलंत म्हणजे. उपकार झाले."

त्यांनी फायलीतला स्वतःचा शेरा खोडला. खाली नवीन शेरा लिहिला, मंजुरीची शिफारस, आधीचे आक्षेप चुकीचे होते असं स्पष्ट नमूद करून. एकतीस वर्षांत असं वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं. दोनदा पेन थांबलं. मग उठून त्यांनी गुरमेल सिंगांपुढे हात जोडले. सरदारजींनी ते हात घाईघाईनं खाली केले. बाईंनी तेवढ्यात आपला अर्ज पुढे सरकवला.

"हा माझा. पण आधी त्यांची फाईल वरिष्ठांकडे जाईल, मग माझी. सही करा."

गजाननरावांनी सही केली. आधी घेतलेल्या क्लेमच्या रकान्यात 'निरंक' लिहिताना नेहमीसारखी त्यांची मान ताठ झाली नाही.

गुरमेल सिंगांची मंजुरी त्याच महिन्यात आली. बाईंची यायला थंडी पडली. मशीन घरी आलं आणि पहिल्या रात्री पंधरा मिनिटांत बाईंनी मास्क भिरकावून दिला. चालत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखा वारा, आणि नाकावर पट्ट्यांचा काच. डॉक्टर म्हणाल्या, आधी दिवसा सवय करा. मग बाई दुपारी मास्क लावून मटार सोलायला बसू लागल्या. एकदा बेल वाजली. मंडळाच्या बायका तिळगुळाच्या वर्गणीला आल्या होत्या. नलिनीबाईंनी मास्क काढला नाही. नळी गळ्याशी लोंबकळत तशाच दारात उभ्या राहून म्हणाल्या, "या ना! ट्रॅक्टरला सायलेन्सर बसवलाय." त्या बायकांपैकी एकीनं जाताना हळूच डॉक्टरांचा नंबर मागून घेतला.

बाराव्या दिवशी बाई सलग सहा तास झोपल्या. दिवाणावर नाही, आतल्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर. सकाळी उठल्या तेव्हा डोकं हलकं होतं आणि गजाननराव चहा करून थांबले होते. कप रिकामा करून बाई मनसोक्त रडल्या, आणि नवरा शेजारी बसून राहिला.

दुपारी बघतात तो साहेब स्टुलावर चढून मशीनचं रिकामं खोकं माळ्यावर ठेवताहेत. फ्रिजच्या आणि मिक्सरच्या मधे, नीट जागा करून.

"अहो, ते काय करताय?"

"बदलीच्या वेळी पॅक करायला लागेल ना."

नलिनीबाईंनी हात वर करून खोकं काढून घेतलं, जमिनीवर टाकलं आणि त्यावर पाय देऊन चपटं केलं. मग म्हणाल्या, "तुमची बदली जेव्हा व्हायची तेव्हा होऊ दे. हे मी मांडीवर घेऊन येईन. आता ती बाकीची पण खाली काढा."

गजाननरावांनी स्टुलावरूनच फ्रिजचं खोकं खाली दिलं.