आठवी माळ

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं ज्यानं म्हटलं त्यानं धुरपताबाईचं घर पाहिलेलं नसावं. बोरीतल्या त्या घरात सगळे दिवस सासूचेच. थोरली सून रुख्मिणी पन्नाशीला टेकली, तिची लेक नांदायला गेली, तरी नवरात्रात देवघराचा उंबरा काही तिला ओलांडता येत नव्हता. रीतच तशी. घट बसले की अखंड दिव्याला हात लावायचा तो जिची अडचण कायमची सुटली त्या बाईनं. पाळी येणारी बाई कितीही गुणाची असली तरी तिनं नऊ दिवस चुलीशी राबायचं आणि बाहेरूनच हात जोडायचे. धुरपताबाईनं हा दिवा वीस वर्षं सांभाळला, एकदाही विझू दिला नाही. त्या दिव्याच्या जोरावर ती भावकीत कुणालाही वाट्टेल ते बोलायची, आणि लोक खाली मान घालून ऐकायचे.

रुख्मिणीला तो दिवा पाहिजे होता. खोटं कशाला बोला? भक्ती होती, तेवढीच हावही होती. लग्न झाल्यापासून भाजीला मीठ किती इथपासून लेकीला शिकवायचं की नाही इथपर्यंत तिला कुणी विचारलं नव्हतं. दिवा हातात आला असता म्हणजे विचारावं लागलं असतं. औंदा तिची पाळी जाऊन वर्ष उलटलं, त्यात धुरपताबाईचे गुडघे गेले. भावकीनं ठरवलं, आता थोरलीनंच दिवा बघावा. रुख्मिणी त्या दिवशी न्हाणीत जाऊन एकटीच हसली.

पण देवाची खोड बघा. ज्यानं दिवा दिला त्यानंच हात काढून घेतले. पाळी गेल्यापासून तिची पहाट नासली होती. डोळा उघडायच्या आधीच छातीत धडधड सुरू. कुणीतरी मेल्याची बातमी दाराशी येऊन थांबलीय असं वाटायचं. कोण मेलं, का मेलं, काही नाही, नुसती भीती. अंगाला दरदरून घाम यायचा आणि हात असे थरथरायचे की चहाचा कप बशीवर वाजायचा. उन्हं वर आली, पोटात भाकरी गेली, की सगळं शांत. लेकीनं तिला परभणीला डॉक्टरणीकडं नेलं होतं. डॉक्टरीण चांगली होती. म्हणाली, "या वयात होतं असं, घाबरू नका. उठल्याबरोबर दोन घास खा. उपाशीपोटी कोरा चहा बंद. थोडं बसा, श्वास सावकाश सोडा, मग कामाला लागा." रुख्मिणीनं तसं केलं आणि खरंच गुण आला.

आता आली का पंचाईत! दिवा सांभाळणारीनं माळ चढेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आणि नेमकं पहाटेच, भावकी आरतीला जमली की सगळ्यांसमोर जुन्या वातीवर नवी वात लावायची, तेल घालायचं. हात हलला की दिवा गेलाच. दिवा गेला की वर्षभर घरात जे काही वाईट होईल, म्हैस आटण्यापासून पोरगं नापास होण्यापर्यंत, ते तिच्या नावावर.

घट बसायच्या आदल्या दिवशी तिनं भीत भीत सासूला विचारलं, "आत्याबाई, तुमचे न्हाई का कधी हात कापले?"

"माजे?" धुरपताबाईनं तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "मन साफ असलं की हात कापत न्हाईत."

पहिल्या माळेला व्हायचं तेच झालं. रुख्मिणीनं वात पुढं सारली, बोटं लटपटली, करडईचं तेल पाटावर सांडलं. ज्योत निळी होऊन पार खाली बसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. ज्योत कशीबशी पुन्हा उभी राहिली, पण तोवर रुख्मिणीचा जीव अर्धा झाला होता. आरती आटोपल्यावर तिचा नवरा महारुद्र तिला आडबाजूला घेऊन म्हणाला, "दिवा इझला ना, तर ह्या घरात तुजं तोंड बघणार न्हाई मी. सांगून ठिवतो."

काय करावं हो बाईनं? दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून ती न्हाणीच्या मागं गेली आणि गूळ-शेंगदाण्याचा एवढासा लाडू तोंडात टाकला. देवीला म्हणाली, "माय, तुजा दिवा राखायसाठीच खायलेय, हे माज्या पापात मोजू नको." मग भिंतीला टेकून बसली, सावकाश श्वास सोडला. धडधड ओसरली. देवघरात गेली तेव्हा हात दगडासारखे. नवी वात अशी लागली की भावकीतला दत्तराव, जो कुणाचं कधी कौतुक करत नाही, तो म्हणाला, "वहिनी, लय बेस." सातव्या माळेपर्यंत हेच चाललं. घरात तिला दोनदा कुणीतरी काहीतरी विचारलं. धाकटी जाऊ बबिता तर तिच्या पाया पडली. रुख्मिणीला वाटलं, पावली माय.

आठव्या माळेला आरतीला सगळी भावकी जमली. रुख्मिणी वात घ्यायला वाकली, तोच धुरपताबाई काठी टेकत पुढं आली.

"थांब. आ कर."

"काय, आत्याबाई?"

"तोंड उघड म्हनते!"

रुख्मिणीनं महारुद्रकडं पाहिलं. तो म्हणाला, "उघड की. भ्यायलीस कशाला?" तिनं तोंड उघडलं. पन्नाशीच्या बाईनं, लेकीला नांदायला धाडलेल्या बाईनं, दिरा-पुतण्यांसमोर लहान लेकरासारखं तोंड उघडलं. धुरपताबाईनं मोबाइलचा उजेड पाडला आणि बोटानं गालफड ताणून दाखवलं. दाढांत शेंगदाण्याचा चुरा होता.

पुढं कुणी काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. कुणी थुंकलं, एवढं खरं. दिवा बबिताकडं गेला. तिची पिशवी तिसाव्या वर्षीच काढलेली, म्हणजे तीही सुटलेलीच. बिचारी रडत रडत वात लावायला बसली.

लोक ओसरीवर चहाला थांबले. रुख्मिणी चुलीपुढं गुडघ्यात डोकं घालून बसली होती. धुरपताबाई आत आली, दार लोटून पाटावर टेकली.

"शेंगदाणे कुणी खातं का, येडे?" ती हळूच म्हणाली. "दातात ऱ्हात्यात. मी खारीक खायचे."

रुख्मिणीनं वर पाहिलं.

"अशी काय बघायलीस? माजेबी कापायचे. तुज्यापेक्षा जास्त. वीस वर्षं खारीक खाल्ली, कुणाच्या बापाला कळलं न्हाई."

"मग मला का धरलं, आत्याबाई? मी दिवा तर इझू दिला न्हाई!"

"म्हनूनच. तुला इचारायला लागले होते लोक." धुरपताबाई काठीवर जोर देऊन उठली. "मी जित्ती हाय अजून."

रुख्मिणीच्या आत काहीतरी तटकन तुटलं. ती दार ढकलून ओसरीवर धावली, पदराचं भान नाही, आणि ओरडली, "ह्या म्हातारीनं वीस वर्षं खारका खाल्ल्या! आता माज्याजवळ बोलली! इचारा तिला! तिचेबी हात कापायचे!"

महारुद्र उठला. "सोताचं पाप आता माज्या आईच्या पदरात घालतीस?"

धुरपताबाई मागून आली. डोळ्यांत खरंखुरं पाणी. "बोलू दे रे लेकरा," ती म्हणाली, "तिचा काय दोष? पाळी गेल्यापून असंच करायलीय. परभनीची डॉक्टरीणच म्हनली न्हवं का, ह्या वयात बाईचं डोकं ठिकाणावर ऱ्हात न्हाई."

"तसं न्हवती म्हनली!" रुख्मिणी सांगायला गेली. पण राग असा भरून आला होता की ओठ थरथरायला लागले, शब्द तुटले, दोन्ही हात कोपरापासून लटलट कापायला लागले.

महारुद्रनं त्या हातांकडं बोट दाखवलं.

"बघा," तो सगळ्यांना म्हणाला.