लाह्यांचे सूप आणि अळंबीची पूड

मी एक जुने सूप आहे. कापडे गावात कोंडाजीबुवांच्या पडवीत खुंटीला टांगलेले. मित्रांनो, माझ्या काठाची वीण सुटली आहे, एक कोपरा उंदराने कुरतडला आहे. कान मात्र अजून शाबूत आहेत. कीर्तन ऐकत वाढलेल्याचे कान लवकर म्हातारे होत नाहीत.

महाडच्या बाजारात एका बुरडाने मला विणले आणि बुवांच्या पत्नी राहीबाई मला घरी घेऊन आल्या. भात पाखडणे हे माझे रोजचे काम. पण मानाचे काम वर्षातून एकदाच यायचे. मार्गशीर्षातल्या हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या लाह्या माझ्यात भरून देवळात न्यायच्या. बुवा काल्याच्या कीर्तनाला उभे राहत आणि मी विठोबाच्या पायाशी बसून ऐकत असे. त्यांनी आळवणी सुरू केली की माझ्यातल्या लाह्यासुद्धा हलक्या होत, असे मला वाटे.

मग घरात सून आली, अनुपमा. पोलादपूरला शिकून येऊन तिने मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी पिकवायला घेतली. शिंपल्यासारखी पांढरीशुभ्र. माझ्यात फडके अंथरून ती त्यावर अळंबी वाळत घालायची. मला नवे काम मिळाले, मी खूश होते.

"आई, लोखंडाला गंज चढतो ना, तशी आपल्या शरीरातल्या पेशींचीही झीज होते," अनुपमा सांगायची. "ती रोखायला मदत करणारी द्रव्यं असतात, अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांना. अळंबीत त्यातलं एक भरपूर असतं. अर्गोथायोनिन."

"नाव घेता घेता माझा उरलेला दात पडंल गो," राहीबाई म्हणायच्या. "मटणासारखी लागते, एवढं मला ठाव हाय."

आणि तिथेच तर अडचण होती. बुवा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मासळी वर्ज्य. अळंबी मांस नसली तरी आमच्याकडे तिला मटणाची बहीणच मानतात. घरात रस्सा रटरटला की बुवा टाळ उचलून देवळाची वाट धरत.

त्या वर्षी भादव्यात बुवांना ताप आला. ताप उतरला, पण आवाज घेऊन गेला. उठून बसले तरी धाप लागे. सप्ताह जवळ येत होता आणि काल्याचे कीर्तन कोण करणार, असे गावकरी हळूच विचारू लागले.

"आबा, अळंबीचं सार घेऊन बघा ना," अनुपमा एकदा म्हणाली.

"माळ घातल्यावर? नाय गो पोरी."

तिने पुन्हा विचारले नाही. मित्रांनो, तिच्या मनात खोट नव्हती. तिला सासरे पुन्हा उभे राहिलेले पाहायचे होते. तिने वाळलेल्या अळंबीची बारीक पूड केली, माझ्यावरच चाळून घेतली आणि रोज सकाळी नाचणीच्या पेजेत मिसळू लागली.

बुवा सुधारले. गुण अळंबीचा होता, गरम पेजेचा होता की सुनेच्या मायेचा, देव जाणे. पण एका सकाळी पडवीत बसून त्यांनी सूर लावला आणि तो खणखणीत लागला. राहीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"पेजेत अमृत घालतेस काय गो?" बुवा हसून म्हणाले. अनुपमा खाली मान घालून आत गेली.

काल्याच्या आदल्या दिवशी लाह्या भरण्याआधी मला झटकायला बुवांनी स्वतः उचलले. माझ्या विणीत पूड अडकली होती. त्यांनी ती बोटावर घेतली, हुंगली. मग सुनेला हाक मारली.

"अनुपमा, हीच पेजेत हाय?"

तिने होकारार्थी मान हलवली. "आबा, तुम्ही बरे व्हावेत म्हणून."

"अहो, पोरीनं मायेनंच केलं ना?" राहीबाई म्हणाल्या. "जीव वाचला तो काय वाईट झाला?"

"मायेनंच केलं. म्हणून तर रागावता पण येत नाय." त्यांनी माळ काढली आणि माझ्यात ठेवली. "परत एकदा विचारायचं होतंस गो. औषध म्हणून कदाचित मीच हो म्हटलं असतं. पण ते हो माझं असतं."

अनुपमा रडू लागली. बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "लाह्या दुसऱ्या सुपातून न्या."

माळ उतरवलेल्याने कीर्तनाला उभे राहायचे नसते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे बुवा उभे राहिले. देवळाचा भोंगा पडवीत ऐकू येत होता. कोंडाजीबुवा माझ्याशेजारी बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. आवाज परत आला होता, पण तो लावायला जागा राहिली नव्हती.

फाल्गुनात बुवा गेले. त्याआधी माळ पुन्हा घालायला गुरूंकडे जायचे म्हणत होते. ते जाणे राहूनच गेले. आणि मी पुन्हा कधी देवळात गेले नाही.

मित्रांनो, सुपाला ओल लावू नका, वापरून झाले की झटकून टांगा. एवढे केलेत तर आम्ही खूप वर्षे टिकतो. माणसाचे मन आमच्याहून नाजूक असते. त्याला अमृत द्यायचे असले तरी आधी वाटी समोर ठेवावी आणि आत काय आहे ते सांगावे.

अनुपमा अजून अळंबी पिकवते. घरी कुणीही जेवायला बसले, अगदी शेजारचे पोर असले, तरी वाढण्याआधी तिचा हात ताटावर थांबतो.

"अळंबी आहे हं," ती म्हणते. "चालेल ना तुम्हाला?"

आणि उत्तर येईपर्यंत ती वाढत नाही.