खालच्या ओळीतला बिल्ला

"खालच्या ओळीत एक राहिलाय," आजी म्हणाली.

सगळी मंडळी तळ्यातून निघून सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायऱ्यांवर वाफाळत बसली होती. मी वेलदोड्याचा पाव कापत होते. आजी धक्क्यावरच्या फळीपाशी उभी राहून खिळ्यांवरून बोटं फिरवत होती, कारण मोतीबिंदूमुळे तिला हल्ली धड दिसत नाही. मी जवळ जाऊन पाहिलं. बिल्ला लेम्पीचा होता, आर्वो मामाच्या सहा वर्षांच्या मुलीचा.

ही फळी म्हणजे आमच्या घरची रीत. पणजोबा तांब्याच्या खाणीत होते. खाली उतरताना माणसानं आपला पितळी बिल्ला खालच्या खिळ्याला अडकवायचा, वर आला की वरच्या. पाळी सुटल्यावर खाली बिल्ला उरला, तर माणूस खाली उरला. खाण बंद पडली, तेव्हा ते बिल्ले घरी आले आणि आजीनं फळी तळ्याच्या धक्क्यावर ठोकली. पाण्यात जाताना बिल्ला खाली, बाहेर आलं की वर. मला लहानपणी हा खेळच वाटायचा. मे महिना लागला की मला तळ्याची स्वप्नं पडायची. आम्ही दिवसभर डुंबायचो आणि आजी खुर्चीत बसून विणायची. 'माझ्या आजीला तळं फार आवडतं' असं मी शाळेत निबंधातसुद्धा लिहिलं होतं. यंदा ती खुर्ची मला मिळाली होती, आणि नोकरीला लागलेली शहाणी बाई म्हणून मी ती ऐटीत घेतली होती.

"ए लेम्पे," मामानं हाक मारली. "पुरे झाली लपाछपी."

त्यानं पायऱ्यांखाली वाकून पाहिलं. ऊन पाण्यावर छान चमकत होतं. त्या चमकण्याचा मला भयंकर राग आला.

"विसरली असेल बिल्ला वर लावायला," मी म्हणाले. "गाडीत बसली असेल कार्टून बघत."

"असेलही," आजी म्हणाली. "पण आधी पाणी, मग गाडी. हात धरा सगळ्यांनी."

मामी तरीही घराकडे धावली. बाकी आम्ही हातात हात घालून लव्हाळ्यापासून धक्क्यापर्यंत ओळ केली आणि पायांनी तळ चाचपत पुढे निघालो. खोल टोकाला मामा होता. तो माझा हात ओढत सगळ्यांच्या पुढे सरकत होता.

"पाय उचलू नका," आजी काठावरून सांगत होती. "घासत घासत चला."

माझ्या पायाला काहीतरी गुळगुळीत लागलं आणि मी थांबले. तो बुडालेला ओंडका होता. लहानपणी तो आमचं जहाज होता, त्याच्या खालून आम्ही पैजा लावून पलीकडे जायचो. आता मला त्याच्याखाली हात घालावा लागला. घातला. चिखल होता, फक्त चिखल. पुढे एकाएकी तळ सुटतो, पाणी काळं आणि गार होतं. तिथं आम्ही एकमेकांचे पाय ओढायचो. कोणी कसं मेलं नाही, हेच मला कळेना.

"तुम्ही कुठला खेळ खेळताय? मला का नाही घेतलं?"

मागे झुडपांपाशी लेम्पी उभी होती, ब्लूबेरी खाऊन तोंड निळंजांभळं करून.

मामा कसाबसा काठावर आला आणि तिला घट्ट धरून रडला. आजीनं मात्र एवढंच विचारलं, "बिल्ला?"

"मी धक्क्यावरून आलेच नाही," लेम्पी वैतागून म्हणाली. "त्या लव्हाळ्याकडून बाहेर आले. मग कसा वर लावू?"

"बरोबर. ते मी सांगायला हवं होतं." आजीनं तिला उचलून धरलं आणि तिच्याच हातानं बिल्ला वर लावून घेतला.

मंडळी घराकडे गेली. मी खुर्चीत बसले.

"आजी, तू रोज अशी घाबरायचीस?"

"रोज कुठं? तुम्ही पाण्यात असाल तेव्हाच."

"आम्ही तर दिवसभर पाण्यात असायचो."

"हो ना," आजी म्हणाली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी तिला पाण्यात कधीच पाहिलेलं नाही.

"तुला पोहता येतं?"

"तुझी आई जन्मायच्या आधी यायचं. पलीकडच्या काठापर्यंत जायचे." तिनं झग्याची गाठ चाचपली. "इल्मा, तू बसणार आहेस ना खुर्चीत?"

"बसणार आहे."

"नीट?"

"नीट."

तिनं झगा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि चाचपत वरच्या ओळीतला पहिला, स्वतःचा बिल्ला धरला. तो निघता निघेना. निघाला तेव्हा फळीवर त्याचा हिरवा डाग राहिला. तिनं तो खालच्या खिळ्याला अडकवला, शिडी धरून उतरली आणि हात सोडला. पांढरं डोकं सावकाश खोल पाण्याकडे निघालं.

'नको जाऊस' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आम्हाला तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं.

लेम्पी मागून आली. "ताई, चल ना पाण्यात."

"आत्ता नाही," मी पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, आणि खुर्ची धक्क्याच्या टोकाशी ओढली.